ड्रमच्या शेजारी ऐकू येईल एवढा आवाज

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल नावाचा भाग आहे. जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाने तिथे १९६० मध्ये वाद्यांचं दुकान काढलं. ड्रमवाल्यांच्या पाठोपाठ त्यांचे गिटारवाले मित्रही दुकानात येऊ लागले. त्यांची तक्रार एकच असे: हवा तसा ॲम्प मिळत नाही आणि मिळतो तो परवडत नाही. हवा तसा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरच्या कारखान्यातला ‘बेसमन’. तो बनवला होता बेस गिटारसाठी, पण साध्या गिटारला विलक्षण शोभत असे. अटलांटिक ओलांडून इंग्लंडात पोचेपर्यंत मात्र त्याची किंमत या पोरांच्या आवाक्याबाहेर गेलेली असे. मार्शलच्या दुकानात दुरुस्तीचं काम पाहणारा केन ब्रॅन आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये हुशार असलेला तरुण डडली क्रेवन यांनी बेसमनचं सर्किट समोर ठेवलं. इंग्लंडात सहज मिळणारे सुटे भाग घेतले, जेन्सनच्या अमेरिकन स्पीकरऐवजी ब्रिटिश सेलेशन कंपनीचे बारा इंची स्पीकर लावले आणि १९६२ मध्ये ‘जेटीएम ४५’ उभा केला. त्याचा आवाज बेसमनसारखा झाला नाही, जास्त दाणेदार आणि आक्रमक झाला. पुढे कित्येक वर्षं रॉक संगीत ज्या आवाजाने ओळखलं गेलं, तो या दुकानातून निघाला आणि त्याच्या मुळाशी ‘परवडत नाही’ ही साधी अडचण होती.

म्हणून कमी पैशांत चांगला ॲम्प शोधण्यात कमीपणा काहीच नाही. पण मार्शलच्या गोष्टीचा पुढचा भाग आजच्या गिऱ्हाइकाची दिशाभूल करतो. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता. त्याच्यासारख्यांच्या मागणीतून १९६५ च्या सुमारास मार्शलचे १०० वॅटचे ॲम्प आले आणि त्यांच्याखाली एकावर एक रचलेली, प्रत्येकी चार स्पीकरची कपाटं आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून जास्त माणसांसमोर वाजवत होते. व्हॉक्स कंपनीने त्या दौऱ्यासाठी १०० वॅटचे ॲम्प दिले होते, तरीही किंचाळणाऱ्या गर्दीत त्या चौघांना स्वतःचं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. वादकांकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकर तेव्हा नव्हते. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचं काम स्टेजवरच्या ॲम्पलाच करावं लागे. वॅटची शर्यत या गरजेपोटी लागली.

ती गरज आता उरलेली नाही. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा घ्या, कॉलेजचा फेस्ट घ्या, गोव्यातलं लग्न घ्या. साऊंडवाला मिक्सर आणि मोठे स्पीकर घेऊन आलेला असतो. गिटारच्या ॲम्पसमोर तो एक माइक लावतो, बहुतेक वेळा १९६५ पासून बनत आलेला शुअरचा एसएम ५७ किंवा त्याच जातीचा एखादा, आणि श्रोत्यांपर्यंत जातो तो त्या माइकमधला आवाज. तुमच्या ॲम्पने तुम्हाला, ड्रमरला आणि बेसवाल्याला ऐकू येणं एवढीच अपेक्षा उरते. तरीही दुकानात शिरणारा मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती वॅटचा?’ हाच. माझ्या मते चुकीच्या खरेदीची सुरुवात बहुतेक वेळा या प्रश्नापासून होते.

वॅट आणि कानाला जाणवणारा मोठेपणा यांचं नातं सरळ नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला कळतो, पण दुप्पट वाटत नाही. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे ५० वॅटऐवजी १०० वॅटचा ॲम्प घेतल्याने हाती लागतात जेमतेम ३ डेसिबल. ५ आणि ५० वॅटमध्ये फरक मोठा आहे. ५० आणि १०० मध्ये किमतीत आणि वजनात जेवढा आहे तेवढा आवाजात नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण तो ॲम्पच्या दर्शनी भागावर छापलेला नसतो. एक वॅट वीज दिली तर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो, हा तो आकडा. त्याला स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणतात. सेलेशनच्या ‘व्हिंटेज ३०’ची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल आहे, ‘ग्रीनबॅक’ची ९८. स्वस्त ॲम्पमधला साधा स्पीकर ९४ च्या आसपासही असू शकतो. आता हिशेब करून पाहा. ९४ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट दिले तर एक मीटरवर १११ डेसिबल मिळतात. १०० डेसिबलच्या स्पीकरला १५ वॅट दिले तर मिळतात जवळपास ११२. पंधरा वॅटच्या ॲम्पने पन्नास वॅटच्या ॲम्पला मागे टाकलं, तेही फक्त स्पीकरच्या जोरावर. जुन्या, मजबूत, पण फिका वाजणाऱ्या ॲम्पमध्ये नुसता स्पीकर बदलल्यावर तो नव्याने जन्मल्यासारखा वाजतो, त्यामागे हेच गणित आहे. बदलताना ओहमचा आकडा जुळलाच पाहिजे आणि नवा स्पीकर ॲम्पचे वॅट पेलणारा हवा.

स्पीकरचा आकारही यात येतो. घरी सरावासाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या ॲम्पमध्ये सहा किंवा आठ इंची स्पीकर असतो आणि तो लहानशा खोक्यात बसवलेला असतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झवर. त्या तारेचा भरीवपणा एवढ्या खोक्यातून बाहेर पडत नाही. खोलीत ते चालून जातं, कारण तिथे स्पर्धा नसते. ड्रमर काठ्या घेऊन बसला की त्याच्या सेटजवळचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि छोटा ॲम्प पूर्ण फिरवूनही नुसता चिरका होतो. स्टेजसाठी बारा इंची एक स्पीकर ही माझी किमान अट आहे. दहा इंचीत काही फार गोड ॲम्प आहेत, लहान कॅफेत ते पुरतातही, पण एकच ॲम्प घ्यायचा असेल तर बारा इंचीच घ्यावा. मागची बाजू अर्धी उघडी असलेलं खोकं मिळालं तर आणखी बरं. अशा खोक्यातून थोडा आवाज मागे फेकला जातो आणि मागे बसलेल्या ड्रमरला गिटार ऐकू येते. गिटार ऐकू येणारा ड्रमर लय धरून राहतो, ही गोष्ट कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, हा वाद गिटारवाल्यांच्या बैठकीत हमखास निघतो. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या ॲम्पला आपल्याकडे ट्यूब ॲम्प म्हणतात. ‘ट्यूबचा वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठा’ असं ऐकायला मिळतं. भौतिकशास्त्रात वॅट एकच असतो, पण अनुभव खोटा नाही. ट्रान्झिस्टर ॲम्प आपल्या मर्यादेपलीकडे गेला की स्वराची लाट एकदम सपाट कापतो आणि कानाला ते बोचतं, म्हणून वाजवणारा त्या मर्यादेच्या बराच अलीकडे थांबतो. व्हॉल्व्ह हळूहळू दबत जातो. आवाज फुटण्याची ती क्रिया कानाला आवडते आणि वादक मुद्दाम तिथवर जातो. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत, तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. त्यामुळे १५ वॅटचा ट्यूब ॲम्प ताणून वाजवताना छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त देत असतो. एरवी ज्याचा आवाज स्वच्छ, न फुटलेला हवा, त्याला मात्र हा फायदा मिळत नाही. तिथे १५ वॅटचा ट्यूब ॲम्प ड्रमसमोर लवकर दमतो.

म्हणूनच आधी तुम्ही काय वाजवता ते ठरवा. हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याचं निम्म्याहून जास्त काम स्वच्छ आवाजाचं असतं: कॉर्डचा ठेका, मधले छोटे तुकडे, एखादं वाह पॅडल. या कामाला ट्यूबचा हट्ट नको. रोलँड कंपनीने १९७५ मध्ये काढलेला ‘जेसी १२०’ पूर्णपणे ट्रान्झिस्टरचा आहे. त्याचा काचेसारखा स्वच्छ आवाज आणि अंगभूत कोरस यांमुळे तो आजही जगभरच्या स्टेजवर भाड्याने ठेवलेला दिसतो. ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग बरीच वर्षं ‘लॅब सीरीज एल ५’ या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवत असे. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलचा धारदार आवाज रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून निघाला. ट्रान्झिस्टर म्हणजे गरिबाचा ॲम्प, हा समज या दोघांच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्याने सोडून द्यावा.

ब्लूज-रॉक वाजवणाऱ्याला, ज्याला बोटांच्या दाबाने आवाज फुटता-मिटता हवा असतो, ट्यूबची ओढ वाटणं रास्त आहे. त्याने फेंडर ब्लूज ज्युनिअरसारखा १५ वॅटचा, एका बारा इंची स्पीकरचा ॲम्प वापरलेला मिळतो का ते पाहावं. पण खर्चाचा पूर्ण विचार करून मगच. व्हॉल्व्ह झिजतात. आता त्यांचे कारखाने मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये उरले आहेत. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत, ते दिवस संपले. बदलायला लागणारी जोडी आयातीची आणि तिचं बायस, म्हणजे तिच्यातून वाहणारा स्थिर विजेचा प्रवाह, जुळवणारा जाणकार सापडला पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारत गेलं की असा माणूस मिळू शकतो. सोलापूर, रत्नागिरी, चंद्रपूरच्या गिटारवाल्याने मात्र ॲम्प घेण्याआधी दुरुस्तीवाला शोधावा. आणि एक नियम कायमचा: स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब ॲम्प कधीही सुरू करून वाजवायचा नाही. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि ॲम्पमधल्या सगळ्यात महाग सुट्या भागांपैकी तो एक असतो.

तिसरा पर्याय मॉडेलिंगचा. लाइन ६ या कंपनीने १९९६ मध्ये जुन्या नामांकित ॲम्पची नक्कल संगणकाच्या चिपवर करणारा ॲम्प आणला आणि १९९८ मध्ये ‘पॉड’ नावाचं राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं यंत्र. सुरुवातीच्या नकला ऐकून जाणकार नाकं मुरडत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे तंत्र इतकं सुधारलं आहे की मर्यादित पैशांत स्टेजवर जाणाऱ्या बहुतेकांना मी हाच रस्ता सुचवतो. बॉसने २०१६ मध्ये आणलेला ‘कटाना’ हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. एक बारा इंची स्पीकर, ५० किंवा १०० वॅट, पॅडलचे इफेक्ट आतच, आणि ताकद अर्ध्या वॅटवर आणण्याचा खटका, म्हणजे रात्री इमारतीतही वाजवता येतं. मागे एक खाच असते जिच्यातून स्पीकरसारखा घडवलेला आवाज सरळ मिक्सरला देता येतो. साऊंडवाल्याकडे माइक कमी पडले, किंवा माइक ढोलाचा आवाजही पकडू लागला, की ही खाच कामी येते. या जातीच्या ॲम्पची एक उणीव मोठी आहे: त्यातलं मुख्य सर्किट बिघडलं तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला ते सहसा जमत नाही. म्हणून ज्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र आपल्या राज्यात आहे, तिचाच घ्यावा.

दोन उलटसुलट गल्लती मी सतत पाहतो. पिकअप बसवलेली अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पला जोडतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा का, म्हणून विचारतात. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो, त्यामुळे अकूस्टिकच्या तारांची चकाकी तिथेच गळून पडते. भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्याने इथला बाकी सल्ला बाजूला ठेवून एक चांगला डीआय बॉक्स घ्यावा आणि त्यातून गिटार थेट मिक्सरला द्यावी, किंवा ट्वीटर असलेला अकूस्टिकसाठीचा ॲम्प घ्यावा. दुसरी गल्लत याच्या बरोबर उलटी. इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन पॅडल कीबोर्डच्या ॲम्पला किंवा थेट मिक्सरला जोडतात. इथे ट्वीटर तो वरचा सगळा कचरा इमानेइतबारे वाजवतो आणि गिटार माशी घोंघावल्यासारखी ऐकू येते. गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरमध्ये ‘कॅबिनेट सिम्युलेशन’, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल, असतं ते याच कारणासाठी. मिक्सरला जाताना ते चालू हवं, गिटारच्या ॲम्पला जाताना बंद.

घरी सुंदर वाजणारा ॲम्प स्टेजवर हरवतो, ही तक्रार तर प्रत्येक नव्या बँडची असते. तिचं एक कारण कानातच आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज बारीक असताना आपला कान खालचे सूर फार कमी ऐकतो. आवाज वाढला की तेच सूर भरभरून ऐकू येऊ लागतात. घरी हळू वाजवताना बेस वाढवून, मिड खाली करून बसवलेला गोड आवाज स्टेजच्या मोठेपणावर घुमू लागतो. त्यातच बेस गिटार आणि ड्रमचा किक खालची जागा व्यापून बसलेले असतात, वर झांजा आणि कीबोर्ड असतात. गिटारला मोकळी जागा मिळते ती मधली, साधारण चारशे हर्ट्झपासून तीन हजारांपर्यंत. नेमका तोच भाग आपण घरी कमी केलेला असतो. वादक मग व्हॉल्यूम वाढवतो, कीबोर्डवाला त्याच्यावर वाढवतो आणि गायिकेला स्वतःचा सूर सापडेनासा होतो. अशा वेळी मिडची कळ अर्ध्याच्या पुढे आणि बेस कमी केला तर व्हॉल्यूमला हात न लावता गिटार वर येते. म्हणून स्वतंत्र मिड नसलेला, नुसत्या ‘टोन’च्या एका कळीचा ॲम्प स्टेजसाठी घेताना दहादा विचार करावा.

बारा इंची स्पीकरचा एक स्वभाव मात्र सांभाळून घ्यावा लागतो. ३ किलोहर्ट्झच्या स्वराची लाट साधारण ११ सेंटिमीटर लांब असते, स्पीकरचा पडदा त्याच्या दुप्पट रुंद. त्यामुळे वरचे सूर चहूकडे पसरत नाहीत, बॅटरीच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्यापासून दोन फुटांवर उभे, तर तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो. तुम्हाला आवाज मऊ वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोरच्या पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई जाते. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, झोत तुमच्या कानाकडे येऊ द्या आणि मग ट्रेबल ठरवा. जुन्या फेंडर ॲम्पना मागे कलण्यासाठी लोखंडी पाय असत ते याचसाठी. यासाठी एक पैसाही लागत नाही, आणि महाग ॲम्प घेऊन जो फरक पडला नसता तो इथे पडतो.

विजेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चूक झाली तर पैशांपेक्षा मोठं काही जातं. अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा मावसबहीण येताना ॲम्प घेऊन येते, तिथे तो इथल्यापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतो म्हणून. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पिन बदलणारं छोटं ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, आणि तो ॲम्प आपल्या सॉकेटला लावताच जळतो. मागच्या पट्टीवर काय छापलं आहे ते वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो ॲम्प खेचतो त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. त्यातही तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची असल्याने ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो. शिवाय हा दुसरा जड गोळा प्रत्येक कार्यक्रमाला सोबत न्यावा लागतो. एवढं सगळं मांडून पाहिल्यावर ती बचत बहुतेक वेळा उरत नाही. भावाला सांगायचंच असेल तर चांगलं पॅडल आणायला सांगावं.

अर्थिंगची बाब आणखी गंभीर आहे. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला. दोघांना नीट अर्थिंग नसेल तर एक हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना तुमचं शरीर दोघांमधली तार बनतं. स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. मांडवातल्या जनरेटरवर, गावातल्या तात्पुरत्या जोडणीवर हा धोका आजही आहे. गुणगुण थांबवायला प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकणारे वायरमन मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या तिथे अडवा. मल्टिमीटरची एक टोकणी तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावून एसी व्होल्टेज बघायला अर्धा मिनिट लागतो. काटा किंवा आकडा थोडाही वर गेला तर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यायला लावा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली येईपर्यंत वाजवायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत.

वापरलेला ॲम्प घेणं हाच मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. स्टेजला पुरेल असा नवा ट्यूब ॲम्प आयातशुल्क धरून अनेकांच्या आवाक्याबाहेर जातो. हौस फिटलेल्याने विकायला काढलेला मात्र निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. बघायला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. सगळ्या कळा सावकाश फिरवाव्यात. थोडी खरखर काँटॅक्ट क्लीनरने जाते, तिच्यासाठी सौदा मोडू नये, फक्त भाव कमी करून मागावा. व्हॉल्यूम कार्यक्रमात ठेवाल तिथपर्यंत नेऊन अर्धा तास वाजवावं, कारण तापल्यावर उघड होणारे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत. मग गिटार मित्राच्या हातात देऊन दहा-बारा फुटांवर उभं राहून ऐकावं. खालचा सूर जोरात छेडल्यावर स्पीकरमधून कागद घासल्याचा आवाज आला तर नवा स्पीकर धरून हिशेब करावा. कोकणातून किंवा गोव्यातून ॲम्प येत असेल तर मागचे स्क्रू आणि जॅकच्या खाचा बारकाईने पाहाव्यात. समुद्राच्या हवेने गंज आधी तिथे येतो आणि आतल्या अवस्थेचा अंदाज त्यावरून लागतो.

कोणता ॲम्प आपल्याला शोभतो हे कळण्याची एक जागा जवळजवळ फुकट आहे: जॅमरूम. तासाच्या भाड्यात तिथे दोन-तीन वेगळे ॲम्प आणि खरा ड्रमसेट मिळतो. दुकानात एकट्याने वाजवून जे कधीच कळत नाही ते तिथे पहिल्या गाण्यात कळतं. आवडलेल्या ॲम्पचं नाव, स्पीकरचा आकार आणि व्हॉल्यूमची कळ कुठवर नेली हे लिहून ठेवावं. ड्रमबरोबर कळ निम्म्याच्या आत राहिली तर तो ॲम्प तुम्हाला पुरतो. पूर्ण फिरवूनही स्वच्छ आवाज मिळत नसेल तर तो सोडा, नाव कितीही मोठं असो.

वजन दुर्लक्षू नये. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या आसपास भरतो, व्हॉक्स एसी ३० त्याहून जड. बारा ते पंधरा किलोचा एका स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे एकाच खोक्यातला ॲम्प आणि स्पीकर, एका हातात आणि गिटार पाठीवर, अशा बेताने डोंबिवलीहून लोकलच्या मालडब्यात चढता येतं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने जड ॲम्प घेतला की तो दोन-तीन कार्यक्रमांनंतर घरीच राहू लागतो.

आणि कुणाला ॲम्पची गरजच नाही? ज्याचे बहुतेक कार्यक्रम मोठ्या साऊंडवर होतात, मॉनिटर चांगला मिळतो आणि साऊंडवाला ओळखीचा आहे, त्याला चांगला प्रोसेसर आणि डीआय पुरतो. पण लहान हॉल, हाउसिंग सोसायटीचं गॅदरिंग, समुद्रकाठचा शॅक अशा ठिकाणी मॉनिटरचा भरवसा नसतो. तिथे स्वतःचा ॲम्प मागे असणं म्हणजे निदान स्वतःचा सूर तरी आपल्या हातात असणं. मोकळ्या जागेत भिंती नसल्याने आवाज परत येत नाही आणि अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात, तरीही उत्तर मोठा ॲम्प हे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीपाशी आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. एवढ्या मोजमापात शंभर वॅटचा ॲम्प पूर्ण उघडायला जागाच कुठे आहे?

पैशांची वाटणी करताना सगळे ॲम्पवर घालू नयेत. दोन चांगल्या केबल, ॲम्पच्या मागे छापलेल्या ॲम्पियरचेच चार फ्यूज, चॅनल बदलायचा पायखटका, पावसाळ्यासाठी जाड कव्हर आणि आत टाकायला सिलिका जेलच्या पुड्या, एवढं बाजूला काढून उरलेल्या रकमेत ॲम्प बसवावा. पहिल्या कार्यक्रमाला तासभर आधी पोचा. ॲम्प ड्रमच्या बाजूला, खुर्चीवर ठेवा. ड्रमरला पूर्ण जोरात एक ठेका वाजवायला सांगा आणि त्याच्यावर गिटार जेमतेम स्पष्ट ऐकू येईल तिथे व्हॉल्यूम थांबवा. कळीच्या त्या जागेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून साऊंडवाल्याला सांगा की हा आता हलणार नाही, बाहेर कमी-जास्त काय करायचं ते तुम्ही मिक्सरवर करा. कार्यक्रम रंगल्यावर व्हॉल्यूम वाढवायची इच्छा होते, तेव्हा मिडची कळ थोडी पुढे घ्या आणि गायिकेकडे बघा; तिला मॉनिटर पुरतोय का, ते तिच्या चेहऱ्यावरून लगेच कळतं.